वॉटर-कूल्ड पीसीचा पंप आवाज करतो: नवीन घेण्याआधी काय करून बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मनीषनगरला राहता, दीड वर्षापूर्वी 360 मिलिमीटरच्या एआयओचा (पंप, नळ्या आणि रेडिएटर कारखान्यातच जोडून येणारा बंद वॉटर कूलर) पीसी जुळवून घेतला. रेडिएटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला उभा बसवलाय, नळ्या त्याच्या वरच्या टोकाला जोडल्यात. उन्हाळाभर काही जाणवलं नाही, पण दिवाळीनंतर खोलीतला कूलर बंद झाला तसे दोन आवाज कानावर यायला लागले. पीसी चालू करताच मिनिटभर गुळगुळ, आणि मग रात्रभर एकसुरी घूंऽऽ. बर्डीवरच्या एका दुकानदाराने ‘भाऊ, पंप गेला, नवीनच टाका’ म्हणून सांगितलं, दुसऱ्याने ‘एवढा आवाज असतोच’ म्हणून वाटेला लावलं. आता नवीन एआयओ घ्यावा की सरळ कस्टम लूपवर (सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेलं पाण्याचं चक्र) जावं, असं विचारताय.

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. हे दोन आवाज दोन वेगळ्या कारणांचे आहेत आणि बहुतेक वेळा खिशात हात न घालता दोन्ही बसतात. पंप खरंच शेवटाला आला की तो कसा वाजतो ते खाली सांगतोच. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

पहिलं काम, आवाज कुणाचा ते पक्कं करणं. कॅबिनेटमधून आलेला प्रत्येक आवाज लोक पंपाच्या नावावर टाकतात. ग्राफिक्स कार्डाची कॉइल गेममध्ये चिरचिरते आणि गेमचा मेनू उघडला की सूर बदलते, तो पंप नव्हे. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर 2 मध्ये पंपाच्या डोक्यावर व्हीआरएमसाठी (मदरबोर्डचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) 40 मिलिमीटरचा एक छोटा पंखा असतो. तो वेगात आला की बारीक भुणभुणतो आणि बोलणी मात्र पंप खातो. आणि आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत. लाईट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पीसी चालला तर पॉवर सप्लायच गुणगुणायला लागतो. तुमचा घूं फक्त लाईट गेल्यावर येत असेल, तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही.

पंप ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जायचं आणि पंप ज्या हेडरवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या ज्या पिनांवर, आहे त्याचा वेग 100 वरून 70 टक्क्यांवर आणायचा. पंख्यांना हात लावायचा नाही. आवाजाचा सूर खाली आला तर तो पंपच. पंप पूर्ण बंद करून बघायचा मोह टाळा, त्याची गरज नाही. याहून खात्री हवी असेल तर फोनवर स्पेक्ट्रॉइडसारखं एखादं फुकटचं ॲप घ्या, जे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी आलेखावर दाखवतं. फोन कॅबिनेटजवळ धरा आणि सगळ्यात उंच शिखर कुठे आहे ते बघा. 2800 आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला 2800 फेऱ्यांचा, पंप सेकंदाला साधारण 47 फेरे मारतो, त्यामुळे त्याची शिखरं 47 हर्ट्झच्या पटीत दिसतात: 93, 140, 187. फोनचा माइक 100 च्या खाली कच्चा असतो, म्हणून वरच्या पटींकडे लक्ष द्या. नऊ पात्यांचा पंखा 1200 आरपीएमवर असेल तर त्याचं शिखर 180 च्या आसपास येतं. पंपाचा वेग बदलल्यावर जे शिखर सरकेल ते पंपाचं. काहीही केलं तरी 100 हर्ट्झवर ठाण मांडून बसलेलं शिखर दिसलं, तर ते 50 हर्ट्झच्या घरगुती विजेचं आहे. ते पॉवर सप्लायमधून, यूपीएसमधून, कधी शेजारच्या स्टॅबिलायझरमधूनही येतं. कान 93 आणि 100 मध्ये सहज फसतो, आलेख फसत नाही.

आता गुळगुळ. हा पाण्यातल्या हवेचा आवाज आहे, आणि नागपूरकराला तो समजावून सांगायला नको. कूलरच्या टाकीत पाणी तळाला गेलं की छोटा पंप जसा हवा ओढून घर्र करतो, तेच इथे लहान प्रमाणात चाललंय. एआयओ कारखान्यातून येतो तेव्हाच त्यात थोडी हवा असते. तापल्यावर पाणी प्रसरण पावतं, त्याला जागा लागते. शिवाय नळ्यांच्या रबरातून पाण्याची वाफ वर्षानुवर्षं किंचित किंचित बाहेर जात राहते, त्यामुळे दीड-दोन वर्षांत हवा वाढते. यात बिघाड काही नाही. ती हवा बसते कुठे, एवढाच प्रश्न आहे.

हवा नेहमी लूपमधल्या सगळ्यात उंच जागी जाते. ती जागा रेडिएटरची टाकी असेल तर उत्तम, पंप असेल तर वाईट. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर बहुतेक वेळा प्रश्नच येत नाही. पुढच्या बाजूला असेल तर दोन गोष्टी बघायच्या. रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, ते तुमच्याकडे आहे. दुसरी म्हणजे नळ्यांचं टोक खाली हवं, आणि तुमचं वर आहे. त्यामुळे जमलेली हवा नेमकी नळीच्या तोंडाशी येऊन बसते. पीसी चालू झाला की पंप ती घोटभर ओढतो, मिनिटभर गुळगुळ होते, मग ती पुन्हा टाकीत जाते. रेडिएटर उलटा फिरवून नळ्या खाली घेतल्या की हवा वरच्या बंद टोकाला अडकून राहते आणि नळ्यांपर्यंत पोचत नाही. तुमच्या कॅबिनेटमध्ये नळ्यांची लांबी पुरते का आणि ग्राफिक्स कार्ड आडवं येतं का, ते स्क्रू काढण्याआधी दोऱ्याने मापून घ्या. नळी ताणलेली किंवा मुडपलेली चालणार नाही. पुरत नसेल तर रेडिएटर छताला हलवा. तळाला मात्र कधीच नाही. तिथे सगळी हवा पंपात जाऊन बसते आणि बेअरिंग कोरडी घासतात.

फिरवून झालं की पंपातली आणि नळ्यांतली हवा रेडिएटरकडे काढायची. पंप 100 टक्क्यांवर, पंखे अगदी हळू. कॅबिनेट दोन हातांनी धरून सावकाश मागे कलतं करा, साधारण 45 अंश, थोडं थांबा, मग पुढे, मग दोन्ही बाजूंना. आत खळखळ ऐकू येईल, म्हणजे बुडबुडे जागा सोडताहेत. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. काचेचा दरवाजा आधी काढून ठेवा आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल तर तिची वायर काढा. चालू हार्ड डिस्क हलवून गुळगुळ गेली आणि डेटाही गेला, असं व्हायला नको. दुसऱ्या दिवशी थोडी गुळगुळ परत येऊ शकते, तेव्हा पुन्हा एकदा करा.

घूं हा माझ्या मते या प्रश्नाचा खरा गाभा आहे, कारण तो जवळजवळ प्रत्येकाकडे असतो आणि जवळजवळ प्रत्येकाकडे विनाकारण असतो. बहुतेक मदरबोर्ड पंपाच्या हेडरला मुळातच पूर्ण वेग देतात. आसूसवर त्या हेडरचं नाव एआयओ पंप, एमएसआयवर पंप फॅन, गिगाबाइटवर सिस फॅन पंप. कंपनी असं का करते ते उघड आहे: पंप हळू चालून एखादा प्रोसेसर तापला तर तक्रार येते, आवाजाची तक्रार कमी येते. पण या वेगाने मिळतं काय, त्याचा हिशोब कागदावर करून बघा.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4186 ज्यूल लागतात. तुमचा प्रोसेसर 200 वॅट खातोय आणि पाणी मिनिटाला 1 लिटर फिरतंय असं धरू. मग प्रोसेसरवर बसलेल्या ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात सुमारे 2.9 अंशांचा फरक पडतो. पंप दामटून तेच पाणी मिनिटाला 2 लिटर केलं तर फरक 1.4 अंशांवर येतो. म्हणजे प्रवाह दुप्पट करून दीड अंश कमावला, तोही ब्लॉकच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाशी. पाण्याचं सरासरी तापमान त्याहून कमीच हलतं. ब्लॉकच्या बारीक खाचांमध्ये वेगवान पाणी उष्णता जरा बरी उचलते हे खरं, पण तेही धरलं तरी 2800 वरून 2000 आरपीएमवर आणल्यावर प्रोसेसर एक ते तीन अंश चढतो, त्यापलीकडे मी सहसा पाहिलेला नाही. आवाजाच्या बाजूला मात्र मोठी मजल मिळते. पंपाचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो, दाब वेगाच्या वर्गाने, आणि पाण्यात ओतली जाणारी शक्ती घनाने. 2800 चे 2000 केले की शक्ती 36 टक्क्यांच्या आसपास उरते. कानाला तो फरक पहिल्याच मिनिटाला कळतो.

म्हणून पंप एका ठरावीक वेगावर सोडून द्यायचा. बायोसमध्ये त्या हेडरचा मोड आधी बघून घ्या. चार पिनांचा पंप असेल तर पीडब्ल्यूएम, त्यात चौथ्या पिनेवरच्या इशाऱ्याने वेग बदलतो. तीन पिनांचा असेल तर डीसी, त्यात व्होल्टेजने वेग बदलतो, आणि तिथे व्होल्टेज फार खाली नेऊ नका, कारण थंडीत सकाळी पंप सुरूच न होण्याचा धोका असतो. काही एआयओत पंप पॉवर सप्लायच्या साटा वायरीवर चालतो आणि वेग यूएसबीतून कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच बदलतो. तिथे बायोसमध्ये कितीही आकडे फिरवले तरी काही होणार नाही, सॉफ्टवेअरमध्ये ‘क्वाएट’ निवडा. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर 2 मध्ये पंप, पंखे आणि तो छोटा पंखा सगळे एकाच वायरीवर आहेत, त्यामुळे तिथे तिघांचा मिळून वेग उतरतो.

वेग 100 वरून पाच-पाच टक्क्यांनी खाली आणा आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ ऐका. मध्येच एखाद्या टप्प्यावर आवाज कमी होण्याऐवजी वाढेल. घाबरू नका. त्या वेगाला कॅबिनेटचा एखादा पत्रा सूर धरतो. तो टप्पा ओलांडून शंभर-दोनशे आरपीएम खाली गेलात की पत्रा गप्प होतो. बहुतेक एआयओ मला 60 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान बरे वाटले, पण आकड्यापेक्षा कानावर भरवसा ठेवा. ठरल्यावर एकदा पूर्ण लोड देऊन अर्धा तास तापमान बघा, आणि पीसी रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू केल्यावर पंपाचा आरपीएम नीट दिसतो ना, तेही बघा.

पंपाला प्रोसेसरच्या तापमानावर बांधू नका. ही चूक बर्डीवरून जुळवून आलेल्या निम्म्याअधिक पीसींमध्ये सापडते. प्रोसेसरचं तापमान ब्राउझरचं एक पान उघडलं तरी क्षणात वीस अंश उडी मारतं आणि परत बसतं. पंप त्याच्या मागे धावतो, सूर वर-खाली होत राहतो. एकसुरी आवाज माणूस विसरतो, वर-खाली होणारा नाही. पाण्याचं तापमान मात्र संथ चालतं. तुमचा एआयओ ते यूएसबीतून देत असेल तर पंखे त्यावर बांधा. नसेल तर पंख्यांच्या सेटिंगमध्ये स्टेप-अप टाइम (वेग वाढायला लागणारा वेळ) असतो, तो वाढवा.

‘पण मे महिन्यात काय?’ हा प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो. नागपूरला मेमध्ये पारा 45 च्या वर जातो हे खरं, आणि एसी नसलेली खोली रात्रीही 35 च्या आसपास असते. पाणी खोलीपेक्षा दहा-बारा अंश गरम धरलं तर 47 पर्यंत जाईल. एआयओतल्या पाण्याची मर्यादा साधारण 60 धरतात, म्हणजे अजून जागा आहे. पण मुद्दा असा की पंप जोरात फिरवून खोली थंड होत नाही. पाण्यातली उष्णता हवेत टाकण्याचं काम रेडिएटर आणि पंखे करतात. उन्हाळ्यात वाढवायचेच असतील तर पंखे वाढवा, तसंही कूलरच्या आवाजात ते कोणाला ऐकू येणार आहेत! आणि मार्च लागताना रेडिएटरमधली धूळ हवेने उडवून साफ करा. तुमच्या दीड वर्षाच्या रेडिएटरमध्ये ती नक्की भरली असेल. धूळ बसली की पाणी तापतं, पंखे पळतात, आणि आवाजाचा दोष पुन्हा पंपावर येतो. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवू का असंही लोक विचारतात. खोलीत कूलर असू द्या, तोंडासमोर नको. त्याच्या हवेबरोबर पाण्याचे थेंब उडतात आणि रेडिएटरवर पांढरा क्षार बसतो.

वेग उतरवूनही थोडा घूं उरला तर तो थरथरीचा. पंपातून ब्लॉकमध्ये, ब्लॉकमधून मदरबोर्डमध्ये, तिथून पत्र्यात, पत्र्यातून टेबलात. हाताचा तळवा कॅबिनेटच्या एकेका बाजूवर ठेवून बघा. जिथे ठेवल्यावर आवाज मंदावतो, तिथली बाजू वाजतेय. नळी काचेला किंवा पत्र्याला टेकलेली असते, ती बोटभर दूर करा. ब्लॉकचे चारही स्क्रू सारखे आवळलेत का बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कॅबिनेट ड्रॉवरवाल्या प्लायवूडच्या टेबलावर दिसतंय. तो पोकळ टेबल तबल्यासारखा काम करतो. कॅबिनेट क्षणभर उचलून जाड घडी केलेल्या सतरंजीवर ठेवा आणि फरक ऐका. फरक पडला तर मार्बलवाल्याकडून कडप्प्याचा उरलेला तुकडा आणा, त्याच्याखाली चार कोपऱ्यांत मऊ रबराचे तुकडे ठेवा, आणि कॅबिनेट त्या दगडावर. वर जड, खाली मऊ, हे सूत्र आहे. नुसतं कडक रबर लावून फारसं साधत नाही, वजन आल्यावर रबर थोडं दबलं पाहिजे. रबर शीट इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात कापून मिळते. खाली पॉवर सप्लायची जाळी असते, तिची हवा अडवू नका.

कस्टम लूपबद्दल. दिसायला सुंदर, करायला मजा, पण केवळ शांततेसाठी घेत असाल तर पैसे वाचवा. पंपाच्या आवाजाची कारणं तिथेही हीच. फायदा एवढाच की पंप मदरबोर्डपासून दूर, मऊ स्पंजवर ठेवता येतो. घेतलाच तर डी5 जातीचा पंप घ्या, डीडीसी जातीचा नको. डीडीसी लहान आणि जोरदार आहे, पण जास्त तापतो आणि त्याचा सूर तिखट. पाच टप्प्यांच्या चकतीचा डी5 1800 ते 4800 आरपीएममध्ये फिरतो, आणि पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर एका प्रोसेसरला आणि एका कार्डाला सहसा पुरतो. रिझर्व्हायरमध्ये, म्हणजे लूपच्या पाण्याच्या टाकीत, पाणी कमी असलं की भोवरा पडतो आणि भोवऱ्यातून बुडबुडे पंपात जातात. त्यामुळे पातळी वर ठेवा. पाणी नळाचं नको, पेंच असो की कन्हान, क्षार असतातच. आरओचंही नको, त्यातही थोडे उरतात. तयार कूलंट घ्या, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि बुरशीनाशक. डी5 कुरकुरायला लागला तर वरचं झाकण उघडून रोटर हाताने ओढून काढता येतो. खालच्या वाटीत प्लास्टिकचा कण किंवा शेवाळ अडकलेलं असतं, ते पुसलं की बरेचदा पंप पुन्हा गप्प. एआयओवर हा प्रयोग करू नका. तो उघडला की वॉरंटी गेली.

आता पंप खरंच गेलाय हे कसं ओळखायचं. हवा काढून, वेग उतरवूनही कोरडी टकटक किंवा खरखर चालूच राहते. आरपीएमचा आकडा स्थिर राहत नाही, दोनशे-तीनशेने नाचतो किंवा मध्येच शून्य दाखवतो. आणि लोड देताच प्रोसेसर काही सेकंदांत 95-100 अंशांना टेकतो, पण रेडिएटरच्या दोन नळ्यांपैकी एक गरम आणि दुसरी थंडच राहते. यातली शेवटची खूण दिसली तर पीसी वापरणं थांबवा.

तसं झालं तरी पैसे भरून नवीन घेऊ नका. एआयओवर कंपनीची पाच-सहा वर्षांची वॉरंटी बरेचदा असते, तुमचा दीड वर्षाचा आहे. दुकानदाराला बिल दाखवा. तो टोलवत असेल तर कंपनीच्या साइटवरून सरळ दावा करा. आवाजाचा व्हिडिओ घ्या, त्यात स्क्रीनवरचा आरपीएम आणि तापमान दिसू द्या, आणि पंखे हळू ठेवा म्हणजे पंपच ऐकू येईल. पाठवताना प्रोसेसरचं ब्रॅकेट आणि सगळे स्क्रू डबीत काढून घरी ठेवा, बदली खोक्यात ते येतीलच असं नाही. मधल्या दिवसांसाठी प्रोसेसरवर पंख्याचा एखादा साधा एअर कूलर बसवा आणि बायोसमध्ये प्रोसेसरची पॉवर लिमिट उतरवा, काम अडणार नाही.